गाडीतला कंपनीचा सबवूफर फडफडतोय: दुरुस्त करायचा की बदलायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधली सहा वर्षं जुनी एसयूव्ही, डिकीच्या उजव्या पॅनेलमागे कंपनीनेच बसवलेला ८ इंची सबवूफर (खोल बेस वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब). पावसाळा संपल्यापासून बेस वाढवला की फडफड ऐकू येते. कधी सबचा आवाज मधूनच जातो आणि गाडी खड्ड्यात आदळली की परत येतो. सर्व्हिस सेंटर पूर्ण असेंब्ली बदलायला सांगतंय, ॲक्सेसरीचा दुकानदार १२ इंची बॉक्स टाका म्हणतोय. काय करावं?

दोन्ही सल्ले घाईचे आहेत. फडफडणं आणि आवाज मधूनच जाणं ही दोन वेगळी लक्षणं आहेत, आणि दोन्हींची सगळ्यात संभाव्य कारणं दुरुस्त होण्यासारखी आहेत. एक गोष्ट आधी लक्षात घ्या. कंपनीचा सब हा सुटा स्पीकर नसतो. स्पीकर, त्यामागचा प्लॅस्टिकचा डबा, ॲम्प आणि ॲम्पच्या आत बसवलेलं इक्वलायझेशन, म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजवायचा याचं गणित, हे सगळं एकमेकांशी जुळवून केलेलं असतं. म्हणून जुना वाचत असेल तर वाचवायचा, आणि बदलावाच लागला तर आकडे जुळवून बदलायचा. विकतच्या खोक्यावर छापलेले वॅट पाहून स्पीकर निवडला की हमखास फसगत होते.

पॅनेल उघडण्याआधी

"सब फाटलाय" म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत सब ठणठणीत असतो, फडफडत असतं दुसरंच काहीतरी. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या, गाडीला जोडा आणि मध्यम आवाजावर ३० हर्ट्झपासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा. एकाने पुढे बसून टोन बदलायचा, दुसऱ्याने मागे एकेक वस्तू दाबून धरायची: मागची नंबर प्लेट, डिकीवरचा ट्रे, सीटबेल्टचं बकल, जॅक-पाना, स्टेपनीचा बोल्ट, साइड पॅनेलच्या क्लिपा. एखाद्या ठरावीक टोनलाच, समजा ४८ किंवा ६२ हर्ट्झला, खडखड होते आणि हात ठेवला की थांबते, तर दोष सबचा नाही. तिथे फेल्ट टेप किंवा कापडी वायरिंग टेप लावली की काम झालं. पॅनेलमागच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट लावायची असेल तर २ मिमीची ब्युटाइलचीच घ्या. स्वस्तातली डांबरी शीट नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात नरम पडते, वास मारते आणि सरकते.

टोन लावूनही सबमधून काहीच येत नसेल तर आधी सेटिंग पाहा. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटून देणारी सेटिंग) पूर्ण पुढे असला तर काही गाड्यांत सब गप्प होतो. बॅटरी काढून लावल्यावर किंवा स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर बेसची सेटिंगं मूळपदावर गेलेली असू शकतात. मग फ्यूजबॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात ॲम्पचा फ्यूज शोधा, बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. तो उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा एकदाच बदलून बघा. परत उडाला तर पुढचा मोठा फ्यूज घालायचा नाही, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

पॅनेल काढताना

डिकी उघडी ठेवूनच बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. आजकाल बऱ्याच गाड्यांची डिकी फक्त विजेच्या बटणावर उघडते. बॅटरी काढून डिकी लावून घेतली तर आतूनच वाट शोधावी लागते. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर बसवलेला असतो, त्याला पकडीने पिळू नका. टर्मिनल काढल्यावर काही मिनिटं थांबा, कारण मागच्या खांबांच्या आतून पडदा एअरबॅग गेलेली असू शकते. 'एअरबॅग' असं कोरलेल्या खांबाच्या प्लॅस्टिकला हात लावायची गरज शक्यतो पडत नाही, आणि लावूही नये. बॅटरी परत जोडल्यावर काचांचं ऑटो फंक्शन आणि सनरूफ काही गाड्यांत पुन्हा शिकवावं लागतं. ती पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

हत्यारं फार लागत नाहीत: नायलॉनचे ट्रिम काढायचे चपटे लिव्हर, १० मिमीचा सॉकेट, टी-२० आणि टी-२५ टॉर्क्स, फिलिप्स २ नंबर, साधा डिजिटल मल्टिमीटर. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर पॅनेलच्या कडेत घालू नका, ओरखडा कायमचा राहतो. क्रम साधारण असा: डिकीची सतरंजी, मग दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी, मग साइड पॅनेल. हिवाळ्यात सकाळी प्लॅस्टिक कडक असतं आणि क्लिपा तुटतात, म्हणून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवून मग उघडा. त्याच मापाच्या दहा-बारा क्लिपा आधीच आणून ठेवा. तुटलेली क्लिप तशीच राहिली तर दुरुस्तीनंतर तीच फडफडणार.

सब सोडवण्याआधी कनेक्टर, तारांचे रंग आणि स्पीकरवरचं लेबल यांचे फोटो काढा. लेबलवर पार्ट नंबर असतो, पुष्कळदा ओहमही असतात.

मीटरने काय मोजायचं

कनेक्टर काढा आणि स्पीकरच्या टोकांवर रेझिस्टन्स मोजा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा पाहा, साधारण ०.२ ते ०.३ ओहम, आणि तो वजा करा. सबमध्ये हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण कंपनीचे सब बहुतेक वेळा २ ओहमचे, काही त्याहून कमी ओहमचे असतात. मीटरवर येणारा डीसी रेझिस्टन्स छापील ओहमपेक्षा थोडा कमी असतो: ४ ओहमच्या कॉइलला (स्पीकरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याला) ३.२ ते ३.७, २ ओहमच्या कॉइलला १.६ ते १.९. चार टोकं असतील तर आत दोन कॉइल आहेत, दोन्ही वेगवेगळ्या मोजा. दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखा हवा.

आता मीटर लावलेलाच ठेवून कोन, म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा हलणारा भाग, दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा दाबत ४-५ मिमी आत-बाहेर करा. आकडा उड्या मारत असेल किंवा एखाद्या जागी सर्किट तुटत असेल तर टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी विणलेली लवचीक तार आतून तुटली आहे. वरून ती अखंड दिसते, कारण धाग्याचा गाभा शाबूत असतो. खड्ड्यात आदळल्यावर आवाज परत येणं हे या तारेचं किंवा सैल कनेक्टरचं लक्षण. कनेक्टरच्या पिना भिंगाखाली पाहा. हिरवी किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर पाणी तिथपर्यंत पोचलंय.

दाबताना खरखर ऐकू आली तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासतेय. तशी ती तीन कारणांनी घासते. सराउंड, म्हणजे कोनच्या कडेची फोमची किंवा रबराची रिंग, एका बाजूने सुटल्यामुळे कोन तिरका झालेला असतो. फटीत धूळ किंवा लोखंडाचा कीस गेलेला असतो. किंवा कॉइल जळून फुगलेली असते. पहिलं कारण दुरुस्त होतं, दुसरं कधीकधी होतं, तिसरं नाही. जळक्या कॉइलचा वास मागच्या जाळीला नाक लावलं की कळतो.

मीटर ठीक दाखवतोय आणि कोन मोकळा हलतोय, तर १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल टोकांना क्षणभर टेकवा. 'ठक्' आवाज यायला हवा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकावर असेल तर कोन बाहेर सरकतो. दिशा लिहून ठेवा, पुढे पोलॅरिटी (धन-ऋण टोकं) जुळवताना लागेल. सेल धरून ठेवू नका, नुसता टेकवायचा.

सब चांगला पण आवाज नाही, तर ॲम्प तपासायचा. बॅटरी जोडून, सिस्टिम चालू करून, आवाज शून्यावर ठेवून कनेक्टरच्या दोन्ही तारा एकेक करून बॉडीच्या सापेक्ष डीसी व्होल्टवर मोजा. ब्रिज पद्धतीच्या, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा चालवणाऱ्या, कार ॲम्पमध्ये दोन्हीकडे बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास येतात. आतून व्होल्टेज वाढवणारा ॲम्प असेल तर आकडा जास्त येईल, पण दोन्हींवर सारखाच. मग त्या दोन तारांमध्ये आपसात मोजा: ०.१ व्होल्टच्या खाली असावं. तिथे एक-दोन व्होल्ट डीसी दिसले तर ॲम्पचा तो चॅनल गेलाय आणि बहुधा त्यानेच कॉइल भाजली आहे. अशा ॲम्पवर नवा सब जोडला तर तोही जाईल. याच कारणाने सबची कुठलीही तार बॉडीला टेकवायची नाही. दोन्ही तारांवर व्होल्टेज असतं, कुठलीच 'अर्थ' नसते. काही कंपनीचे ॲम्प जोडलेला स्पीकर सापडला नाही तर तो चॅनल बंदच करतात, म्हणून स्पीकर जोडलेला ठेवून कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिना घालून मोजणं जास्त भरवशाचं.

सराउंड बदलणं

तुमच्या फडफडीचं कारण इथेच सापडण्याची शक्यता मोठी. पॉलियुरेथेन फोम दमटपणा आणि उष्णता यांनी कुजतो. न वापरताही कुजतो. बोट लावलं तर काळी पूड हाताला येते. पॅकेज शेल्फवर, मागच्या काचेखाली बसवलेल्या सबांना ऊन थेट लागतं, त्यांचा फोम आधी जातो. रबराची रिंग सहसा फाटत नाही, पण तिची चिकट सुटते. त्यावर उपाय म्हणजे जागा साफ करून परत चिकटवणं, नवी रिंग लागत नाही.

नवी फोम रिंग मागवताना '८ इंच' एवढं सांगून भागत नाही. चार मापं लागतात: बास्केटवरच्या (स्पीकरच्या बाहेरच्या सांगाड्यावरच्या) चिकटण्याच्या पट्टीचा बाहेरचा आणि आतला व्यास, कोनचा बाहेरचा व्यास, आणि मधल्या गोल घडीची रुंदी. कोनची कडा तिरकी आहे की सपाट, तेही सांगा. २ मिमीचा फरक पडला तर रिंग ताणलेली बसते आणि कोन मोकळा हलत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रिंगा आणि स्पीकरचे सुटे भाग मिळतात, ऑनलाइनही मिळतात. नाशिकमध्ये मंडळांचे आणि बँडवाल्यांचे स्पीकर भरून देणारे कारागीर आहेत, ते हे काम सफाईने करतात. मात्र गणपती-नवरात्राच्या आधीचे आठवडे त्यांच्याकडे जाऊ नका. तेव्हा त्यांच्याकडे कामांचा ढीग असतो आणि तुमचा ८ इंची सब त्यात घाईने उरकला जातो.

स्वतः करणार असाल तर बराच वेळ हाताशी ठेवा. जुना फोम ब्लेडने खरवडा, उरलेली चिकट आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. कागदी कोन भिजवायचा नाही, कापड ओलं करून पुसायचा. मग कोनच्या मध्यावरची डस्ट कॅप धारदार ब्लेडने कडेने कापून उचला. आत मधला लोखंडी खांब आणि त्याभोवती कॉइलची नळी दिसेल. त्या दोहोंमध्ये चार बाजूंना चार पट्ट्या घाला, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर उभी राहील. जुनी एक्स-रे फिल्म यासाठी उत्तम, जाडी साधारण ०.२ मिमी असते. पट्टी सैल वाटली तर एखादी जास्त घाला, पण जबरदस्ती नको. डस्ट कॅप वाचवायची असेल तर दुसरी पद्धत आहे: चिकट ओली असताना ३० हर्ट्झचा मंद टोन लावून कोन हलता ठेवायचा आणि खरखर थांबेल तिथे रिंग दाबायची. सरावाच्या हाताला ती जमते. पहिल्यांदा करणाऱ्याने पट्ट्याच वापराव्यात.

आधी रिंग कोनला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या दिवशी बास्केटला. दोन्ही एकदम केलं तर कोन तिरका बसतो. कागदी कोन आणि फोमला पाण्यातली पांढरी स्पीकर ग्लू चांगली, कारण ती सरकवायला वेळ देते. पॉलिप्रॉपिलीन कोन आणि रबर रिंगला मात्र ती धरत नाही, तिथे फेविबॉण्डसारखी रबरी काँटॅक्ट चिकट लागते. दोन्ही बाजूंना पातळ थर, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच, नेमकं टेकवायचं. फेविक्विक हलत्या सांध्यावर वापरू नका, ती काचेसारखी कडक होते आणि पहिल्याच जोरदार बेसला तडकते. पांढरी ग्लू एरवी २४ तासांत वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच ओल असते, तेव्हा ४८ तास द्या. नंतर पट्ट्या काढा, कोन दाबून खरखर नाही ना ऐका, मगच डस्ट कॅप चिकटवा.

तुटलेली विणलेली तार बदलणं त्यामानाने सोपं. साधी मल्टिस्ट्रँड वायर तिथे चालत नाही, काही दिवसांत मोडते. स्पीकरची विणलेली तारच घ्या, जुनीइतकीच लांबी आणि तसाच बाक ठेवा. जास्त लांब ठेवली तर ती कोनला थापटते, आणि तोही आवाज फडफडीसारखाच येतो. सोल्डर तारेत वर चढू देऊ नका, जिथवर सोल्डर चढतं तिथून ती मोडते.

कॉइल जळली असेल तर

इथे माझं मत स्पष्ट आहे: सब बदला, कॉइल भरून घेऊ नका. पीए (कार्यक्रमांच्या मोठ्या) स्पीकरची कॉइल भरणारे हात कुशल असतात यात शंका नाही, पण सबची कॉइल लांब चालीची असते, पुष्कळदा दुहेरी असते आणि तिची नळी उष्णता सहन करणाऱ्या पदार्थाची असते. तारेचा गेज, वेढे, थर आणि कॉइलची उंची या सगळ्या गोष्टी जुळल्या तरच सब पूर्वीसारखा वाजतो. नुसते ओहम जुळवून भरलेली कॉइल वाजते, पण बेस पातळ होतो आणि आवाज वाढवला की तळाला आपटते. चुंबक सरकलेला असेल किंवा बास्केट वाकलेली असेल तरीही बदलणंच बरं.

पहिला पर्याय तोच कंपनीचा भाग. पार्ट्स काउंटरवर चेसिस नंबर देऊन विचारा की नुसता स्पीकर वेगळा मिळतो का, की डबा आणि ॲम्पसह पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागते. सर्व्हिस ॲडव्हायझरने "पूर्ण असेंब्ली" म्हटलं म्हणजे वेगळा मिळतच नाही असं नव्हे. ॲम्प बदलायचा असेल तर काही गाड्यांत तो गाडीला कोडिंग करून ओळख करून द्यावा लागतो, म्हणून ॲम्प बाहेरून आणून लावण्याआधी तेही विचारा. वापरलेला भाग हवा असेल तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. मीटर आणि पेन्सिल सेल सोबत न्या, जागेवर मोजा, कोन दाबून ऐका, आणि चुंबकाच्या मागच्या भोकात गंज दिसला तर पाण्यात बुडालेल्या गाडीचा माल समजून सोडून द्या.

दुसरा पर्याय बाजारातला सब. इथे पहिला आकडा ओहम. कंपनीचा २ ओहमचा असेल आणि तुम्ही ४ ओहमचा लावला तर ॲम्प सुरक्षित राहतो, पण ताकद निम्मी होते, म्हणजे ३ डेसिबलची घट. उलट केलं, ४ च्या जागी २, तर ॲम्प तापून प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःच बंद होतो, किंवा जळतो. मूळ सब दुहेरी कॉइलचा असेल तर प्रत्येक कॉइल बहुधा ॲम्पच्या स्वतंत्र चॅनलवर असते. नवाही दुहेरी कॉइलचाच घ्या. दोन चॅनलच्या तारा एकत्र पिळून एका कॉइलला जोडल्या तर ॲम्प गेलाच म्हणून समजा.

दुसरा आकडा डब्याचा. कंपनीचा डबा लहान असतो. तो बाहेर काढून स्पीकरच्या भोकातून बीन बॅगचे थर्माकोलचे दाणे भरा आणि ते दाणे लिटरच्या मापाने मोजा, आकारमान कळेल. मग सबच्या माहितीपत्रकातले तीन आकडे पाहा: क्यूटीएस (कोनची हालचाल किती आवरली जाते), व्हीएएस (कोनच्या लवचीकपणाइतकी हवा, लिटरमध्ये) आणि एफएस (सबची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये). व्हीएएसला डब्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि त्याने क्यूटीएसला गुणा. उदाहरण घ्या: डबा १० लिटर, क्यूटीएस ०.५, व्हीएएस १५ लिटर. उत्तर ०.७९ येतं, बेस घट्ट आणि संतुलित. तोच डबा, तेच क्यूटीएस, पण व्हीएएस ४० लिटर असेल तर उत्तर १.१२ येतं, बेस एकाच सुरात घुमतो आणि खालचे सूर गायब होतात. त्याच वर्गमूळाने एफएसलाही गुणा: ३५ हर्ट्झचा सब पहिल्या उदाहरणात ५५ हर्ट्झवर येतो, दुसऱ्या उदाहरणात ७८ वर. ०.७ ते ०.९ च्या दरम्यान राहा. सब डब्यात नसून पॅकेज शेल्फवर, डिकीच्या मोकळ्या हवेत बसत असेल तर हिशेब वेगळा: तिथे ०.६ ते ०.८ क्यूटीएसचा सब थेट चालतो. लहान डब्यासाठी केलेला कमी क्यूटीएसचा सब तिथे कोरडा वाजतो.

तिसरं माप खोलीचं. चुंबकामागे हवेचं भोक असेल तर डब्याच्या भिंतीपासून १० ते १५ मिमी जागा मोकळी हवी, नाहीतर फुसफुस ऐकू येते. भोकांची जागा जुळणार नाही, मधली रिंग करावी लागेल. ती एमडीएफची करू नका, डिकीच्या कोपऱ्यातल्या ओलीने ती फुगते. १२ मिमी एचडीपीई (एक टणक प्लॅस्टिक) किंवा मरीन प्लाय घ्या. अंबड किंवा सातपूरला सीएनसी राउटरवाल्याकडे (संगणकावर चालणारं कापणीचं यंत्र असलेल्याकडे) ड्रॉइंग दिलं तर नेमकी कापून मिळते.

कंपनीची वायरिंग कापू नका. जुन्या, निकामी सबवरचा कनेक्टर शेपटीसकट काढून नव्या सबला जोडा, म्हणजे गाडीची लूम (तारांचा जुडगा) अखंड राहते आणि वॉरंटीवरून वादाला कारण उरत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मुळात काही उघडण्याआधी पुस्तिकेत ऑडिओची मुदत पाहा. ती बाकी गाडीपेक्षा वेगळी असू शकते.

बसवताना आणि बसवल्यावर

दुरुस्त केलेला जुना सब उभ्या पॅनेलवर परत लावताना १८० अंश फिरवून लावा, तारा पोचत असतील तर. इतकी वर्षं गुरुत्वाकर्षणाने एका बाजूला झुकलेला स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी कापडी चकती) आता दुसऱ्या बाजूने ओढला जातो आणि कॉइल मध्यावर राहते. स्पीकरखाली बंद पेशीच्या फोमची गॅस्केट नवी घाला. स्क्रू समोरासमोरचे, चांदणीच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत घट्ट करा. प्लॅस्टिकच्या डब्यात इलेक्ट्रिक ड्रिलने पिळले तर आटे जातात.

बंद डब्यातून हवा गळते का हे पाहायला ४० हर्ट्झचा टोन लावून पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवा. जिथे धूर थरथरतो तिथे गळती. हे पॅनेल बसवण्याआधी करा आणि फोम-कापडापासून उदबत्ती लांब धरा. पोलॅरिटी मूळ होती तीच ठेवा. कंपनीच्या ॲम्पमध्ये पुढच्या स्पीकरांशी वेळेचा मेळ आधीच घातलेला असतो, उलट जोडलं तर ड्रायव्हरच्या जागी ६० ते ८० हर्ट्झचा बेस पोकळ होतो.

तुमच्या गाडीत पावसाळ्यानंतर त्रास सुरू झाला, म्हणून पाणी कुठून आलं हे शोधल्याशिवाय पॅनेल बंद करू नका. टेल लॅम्पची गॅस्केट, सनरूफचे मागचे ड्रेन पाइप, डिकीचं रबर, छतावरच्या रेलचे बोल्ट आणि मागच्या बंपरआडचे हवा बाहेर सोडणारे पडदे, या जागा पाहा. हे पडदे बहुधा सबच्या डब्याजवळच असतात. मागून ठोकर बसून बंपरचं काम झालं असेल तर ते नीट बसवलेत का, खास तपासा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने मगाने एकेका जागी पाणी ओतायचं. प्रेशर वॉशर नको, तो नसलेली गळतीही दाखवतो. इगतपुरी-त्र्यंबककडे नेहमी जाणं असेल तर जूनआधी सनरूफचे पाइप मोकळे करून घ्या. कनेक्टरची पूड काँटॅक्ट क्लीनरने काढा, सैल पीन बदला, नुसती चिमट्याने दाबून ठेवू नका.

कॉइल परत जळू नये म्हणून एवढं सांभाळा: इंजिन बंद ठेवून तासन्‌तास मोठ्याने वाजवू नका. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली आली की ॲम्प लवकर क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं छाटतो, आणि कॉइलला सगळ्यात जास्त भाजतो तो हाच चपटा झालेला सिग्नल. स्क्रीनवर बेस कमालीला आणि आवाजही कमालीला, असं दोन्ही एकदम ठेवू नये.

राहिला १२ इंची बॉक्सचा सल्ला. कंपनीचा ॲम्प तो ओढू शकत नाही, म्हणजे वेगळा ॲम्प आलाच. बॉक्स ३०-४० लिटरची जागा खातो, शिवाय तो पट्ट्याने बांधलेला नसेल तर जोराच्या ब्रेकला धोक्याचा. ज्यांना बेस थोडा जास्तच हवा आहे त्यांच्यासाठी सीटखालचा ८ इंची ॲम्पसहित सब जास्त शहाणपणाचा. तो स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेतो, पण तो सबच्या तारेवरून घेऊ नका. तिथला सिग्नल आधीच कापलेला असतो आणि पुष्कळ गाड्यांत आवाज वाढला की ॲम्प खालचा बेस मुद्दाम कमी करतो. खऱ्या १५० वॅटच्या क्लास-डी ॲम्पला जोरात साधारण १४ अँपिअर लागतात. ५ मीटर लांबीला ६ चौरस मिमीची शुद्ध तांब्याची वायर पुरते, ४ ची थोडी कमी पडते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर दुकानात 'कॉपर' म्हणूनच विकली जाते, म्हणून टोक खरवडून पाहा: आत पांढरी दिसली तर परत करा. बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत २० अँपिअरचा फ्यूज बसवून घ्या, आणि फायरवॉलमधून जाताना वायरला रबरी ग्रॉमेट असल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.